सहा जणांची तुकडी आणि पेशाबदल

आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. "साहेब, या वयात?" असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणा. पण या खेळाची वंशावळ आमच्याच घराण्यातली आहे, ती आधी सांगतो.

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाईचा सराव देणारा खेळ मांडला. आम्ही वाळूच्या मॉडेलभोवती उभं राहून जे धडे गिरवले, ते त्याच जातीचे. पुढे हा प्रकार सैन्याबाहेर छंद म्हणून पसरला. अमेरिकेतल्या अशाच दोन छंदिष्टांनी, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी, १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात आख्खी पलटण हलवायची नाही, एकाच माणसाची भूमिका घ्यायची. हा प्रकार लवकरच संगणकावर गेला, आणि १९८१ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ॲपल टू संगणकासाठी 'विझर्ड्री' बाजारात आणला. २०२४ मध्ये तो नव्या रूपात आला, तेव्हा भाच्याने माझ्या संगणकावर घालून दिला.

मोहीम साधी आहे. दहा मजली भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा. तळाशी वेर्डना नावाचा जादूगार. तुकडी जास्तीत जास्त सहा जणांची. पुढच्या रांगेत तीन, मागे तीन. हातघाईची लढाई फक्त पुढचे तीनच करतात. मग सगळेच लढवय्ये का घेऊ नयेत? कारण मंत्र टाकायला जादूगार लागतो, जखमा भरायला धर्मगुरू लागतो, आणि पेटीचा सापळा काढायला चोर लागतो. पायदळाच्या सेक्शनमध्ये सगळ्यांच्याच हाती एलएमजी देत नाहीत, तसंच हे.

मूळ पेशे हे चार. त्यांच्यावर बिशप, सामुराई, लॉर्ड आणि निंजा हे चार वरचे. निंजाला सहाही गुण किमान सतरा हवेत, म्हणजे बेरीज १०२. खेळातला साधा मनुष्य सुरू होतो ४६ वर. वाटायला मिळणारे जादा गुण बहुतेक वेळा दहाच्या आतच असतात. म्हणजे निंजा भरती करता येत नाही, घडवावा लागतो. लॉर्डचंही तेच.

शिवाय लॉर्ड सज्जनच असावा लागतो आणि निंजा दुर्जनच. सज्जन आणि दुर्जन खानावळीत बसून एक तुकडी बांधू शकत नाहीत. चोर सज्जन असू शकत नाही, धर्मगुरू तटस्थ असू शकत नाही. म्हणून शेवटी काय हवं, हे भरतीच्या दिवशीच ठरवावं लागतं. लॉर्ड हवा असेल तर धर्मगुरू सज्जन घ्या, चोर तटस्थ घ्या, आणि निंजाचा नाद सोडा.

आता पेशाबदल. पेशा बदलला की माणूस पहिल्या पातळीवर येतो. कमावलेले गुण जातात आणि जन्मजात किमान आकड्यावर परततात. मनुष्याचं बळ आठ, श्रद्धा पाच. वयही काही वर्षांनी वाढतं. पण दोन गोष्टी राहतात, शिकलेले मंत्र आणि अंगात मुरलेली सहनशक्ती, म्हणजे हिट पॉइंट्स. म्हणून जाणकार जादूगाराला तेराव्या पातळीपर्यंत थांबवतात. तोवर त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीच्या मंत्रांपर्यंत पोचता येतं. मग त्याचा पेशा बदलतात. अर्ध्यात उठवला तर ना धड हे, ना धड ते.

मी काय केलं? पुढच्या रांगेतले दोन लढवय्ये एकाच दिवशी सामुराई केले आणि नेहमीसारखा चौथ्या मजल्यावर उतरलो. पद मोठं झालं होतं, पण पातळी पहिली होती. त्यांचे वार लागेनात. तिसरा गडी एकटा किती टिकणार? तो पडला, तेव्हा मागचा जादूगार आपोआप पुढच्या रांगेत आला, आणि मग सगळंच संपलं. या खेळात मेलेली तुकडी तिथेच पडून राहते. दुसरी तुकडी उभी करून तिचे देह वर आणावे लागतात. देवळात जिवंत करताना विधी फसला तर राख होते, पुन्हा फसला तर माणूस कायमचा गेला. चूक माझी होती. एका वेळी एकालाच बदलायचं, आणि तो सावरेपर्यंत बाकीच्यांनी पुढची रांग धरायची, हा नियम मी मोडला होता.

त्या रात्री मला माझ्या कंपनीतला एक हवालदार आठवला. चाळिशीच्या आतच पेन्शनवर गेला. वर्षभराने भेटायला आला आणि म्हणाला, "साहेब, तिथं माझ्या शब्दावर तीस माणसं हलायची. इथं मी शून्य आहे." मी पाठीवर थाप मारली, "अरे, फौजी कधी हरत नाही," म्हणालो, चहा पाजला आणि पाठवून दिला. त्या वाक्याचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता.

आज असतो तर वेगळं बोललो असतो. सांगितलं असतं, आकडे शून्यावर आलेत हे खरं आहे, ते नाकारू नकोस. वय वाढलंय, तेही खरं. पण रेशनचा हिशोब, गाड्यांची देखभाल, रात्री तीन वाजता माणसं शांत ठेवणं, हे तुझे मंत्र आहेत आणि ते गेलेले नाहीत. आणि एक प्रश्न विचारला असता, जो मला तेव्हा सुचलाच नाही. तू पहिल्या पातळीवर असताना पुढच्या रांगेत कोण उभं आहे? त्याची बायको गावात शिवणकाम करून घर चालवत होती. हे त्यानेच मला बोलता बोलता सांगितलं होतं. आम्हा दोघांनाही त्याचं महत्त्व कळलं नाही.

'विझर्ड्री' जपानमध्ये फार गाजला. १९८८ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट थ्री'मध्ये पेशाबदल आहे, पण थोडा दयाळू. विसाव्या पातळीनंतर देवळात जायचं, पातळी पहिली होते, मात्र गुण निम्मे उरतात आणि मंत्र कायम राहतात. ते निम्मं माणसाला पुन्हा उभं करायला पुरतं.

त्या हवालदाराचा नंबर आता शोधतो आहे. तुमच्या घरी, ओळखीत कुणी नुकतं सैन्यातून, नोकरीतून किंवा परगावाहून नव्याने सुरुवात करत असेल, तर त्याला थाप मारण्याआधी बघा, त्याच्या पुढच्या रांगेत कोण उभं आहे. आधी त्या माणसाला विचारा, काही हवंय का.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.