वाडी : फळबागेपासून चाळीपर्यंत

गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे ऐकताच मराठी वाचकाला चाळ, सामाईक गॅलरी आणि शेजार आठवतो. कथा-कादंबऱ्यांनी ‘वाडी’ या शब्दाचा हाच अर्थ रूढ केला. कोकणात मात्र वाडी म्हणजे आजही माडांची, फळझाडांची बाग. मुंबई बेटावरही तो शब्द आधी याच अर्थाने नांदत होता.

बेटाची ही बागायत जुनी. पोर्तुगीज अमदानीत मुंबई खंडाने घेणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने, १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात, येथील आंब्यांविषयी लिहिले आहे. माझगावच्या आंब्याची कीर्ती तर टॉमस मूरच्या ‘लाला रूख’पर्यंत (१८१७) पोहोचली.

परंतु बाग ही महसुलाचीही बाब होती. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले, तेव्हा जमिनींच्या मालकीचा वाद धुमसत होता. गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७२ मध्ये तडजोड घडवली : जमीनधारकांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन द्यावेत आणि कंपनीने त्यांचा ताबा मान्य करावा. पुढे समुद्राचे पाणी अडवून लागवडीखाली आणलेल्या जमिनींवर ‘फोरस’ नावाचा सारा बसला. १८५१ च्या फोरस कायद्याने अशा जमिनींवरील हक्क पक्का केला, तो थेट सारा भरणाऱ्याचा. झाडावर चढणारा, पाणी शिंपणारा हात त्या व्यवहारात दिसत नाही.

१८५४ मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीची स्थापना झाली. १८६१ ते १८६५ या काळात कापसाच्या तेजीने जमिनीचे भाव चढले. झाडापेक्षा घराचे भाडे किफायतशीर ठरले. गिरगावात खासगी मालकीच्या वाड्या एकेक करून चाळींनी भरल्या. बाग गेली, नाव राहिले. दादर-माटुंग्याला वेगळे घडले. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तेथील जमीन संपादन करून रस्ते आणि भूखंड आखले. म्हणून गिरगावात ‘वाडी’ आणि दादरला ‘हिंदू कॉलनी’! शेताचे शहर कोणत्या वाटेने झाले, हे त्या दोन शब्दांतच नोंदलेले आहे.

वाडीविषयीचे मराठी लेखन आपण बहुधा स्मरणरंजन म्हणून वाचतो. ते जमिनीच्या इतिहासासह वाचले, तर एक विसंगती डोळ्यांत भरते : नावांनी फळ जपले, दप्तरांनी धारक जपला, बाग राखणारा मात्र दोन्हींतून निसटला. साहित्याच्या अभ्यासकाने त्याचा शोध घ्यायला हवा.