फवारा उरतो, औषध संपते

१९५५ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारले, “माझे औषध फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही?” १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा इनहेलर आला. पण धातूच्या डबीत औषध किती उरले, हे दिसेना. लोक डबी पाण्यात तरंगवून पाहू लागले. ही परीक्षा फसवी ठरली. ठरलेल्या मात्रा संपल्यावरही उरलेल्या वायूमुळे फवारा येतो. त्यात औषध पुरेसे असेलच असे नाही. अखेर २००३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने नव्या इनहेलरवर मात्रा मोजणारा आकडा असावा, अशी शिफारस केली. आकडा नसेल तर? २०० फवारे, रोज ४. म्हणजे ५० दिवस. सुरुवातीची तारीख डबीवर लिहावी.