फ्यो झेया थॉ : फासावर गेलेला रॅपर आणि सम्यक वाचेचा प्रश्न

२५ जुलै २०२२ रोजी म्यानमारच्या सरकारी वृत्तपत्राने चार जणांना फाशी दिल्याची बातमी छापली. त्यांपैकी एक होते फ्यो झेया थॉ. वय ४१. रॅप गायक, माजी राजकीय कैदी आणि दोन वेळा निवडून आलेले खासदार. त्यांच्यासोबत १९८८ च्या विद्यार्थी आंदोलनातील ज्येष्ठ कार्यकर्ते क्यॉ मिन यू ऊर्फ को जिमी आणि आणखी दोघांना फासावर चढवण्यात आले. त्या देशात तीस वर्षांहून अधिक काळानंतर फाशीची अंमलबजावणी झाली होती. आदल्या शुक्रवारी झेया थॉ यांचे आईशी तुरुंगातून ऑनलाइन बोलणे झाले होते. त्यांनी वाचायचा चष्मा आणि शब्दकोश मागितला होता. फाशी इतकी जवळ आली आहे याची घरच्यांना कल्पना नव्हती. नंतर मृतदेहही मिळाले नाहीत.

आपल्या चळवळीतील अनेक तरुणांनी हे नाव ऐकलेले नसेल. ते माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटते. कारण एका बौद्ध देशात, स्वतःला बुद्धशासनाचे रक्षक म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांनी हे केले आहे.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातील आराकान प्रांताचे. त्याआधी डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते. इगतपुरीत जी विपश्यना शिकवली जाते, तीही सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणली. १९३७ पर्यंत तर हा देश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तेव्हा तिथे धम्माच्या नावाने काय चालते, हा आपल्याही आस्थेचा प्रश्न आहे.

'ॲसिड' आणि सेन्सॉर

झेया थॉ यांचा जन्म २६ मार्च १९८१ रोजी यांगून येथे झाला. २००० साली त्यांनी मित्रांसोबत 'ॲसिड' हा रॅप गट उभा केला. या गटाचा पहिला अल्बम हा ब्रह्मी भाषेतील पहिला हिप-हॉप अल्बम मानला जातो. तरुणांनी तो डोक्यावर घेतला.

त्या काळी म्यानमारमध्ये कोणतेही गाणे, कविता किंवा बातमी लोकांपुढे येण्याआधी सरकारी सेन्सॉर मंडळाकडे जात असे. शब्द कापले जात, ओळी बदलायला लावल्या जात. त्यामुळे गायकांना थेट बोलता येत नसे. 'ॲसिड'ची गाणीही आडून बोलत. गल्लीतील तरुणाची चिडचिड आणि गरिबी त्यांत असे, राज्यकर्त्यांचे नाव नसे. ऐकणाऱ्याला मात्र ते कळत असे.

ब्रह्मी संस्कृतीला ही रीत नवी नव्हती. तिथे थिंज्यान या नववर्षाच्या सणात 'थान्ज्याट' नावाचा प्रकार सादर होतो. ढोलाच्या ठेक्यावर एक जण ओळ टाकतो, बाकीचे साथ देतात आणि राज्यकर्त्यांपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांची खिल्ली उडवतात. आपल्याकडचा जलसा आणि शाहिरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. लष्करी राजवटीने १९८८ च्या उठावानंतर थान्ज्याटवर बंदी घातली आणि ती दोन दशकांहून अधिक काळ टिकली. त्या बंदीच्या काळात वाढलेल्या पिढीच्या हाती रॅप आले.

पालथे पात्र आणि 'जनरेशन वेव्ह'

१५ ऑगस्ट २००७ रोजी सरकारने इंधनाचे दर अचानक वाढवले. बसभाडे आणि अन्नधान्य महागले. सप्टेंबरमध्ये पाकोक्कू येथे सैनिकांनी आंदोलक भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी माफीची मागणी केली. ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनी विनयातील 'पत्तनिक्कुज्जन कम्म' केले, म्हणजे भिक्षापात्र पालथे केले. चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीच्या प्रसंगात हा विधी येतो. संघावर अन्याय करणाऱ्याचे दान संघ नाकारतो. ज्या सेनाधिकाऱ्यांना दानधर्म करून पुण्यवान म्हणून मिरवायचे होते, त्यांच्यासाठी हा सर्वांत मोठा बहिष्कार होता. मेत्त सुत्ताचा पाठ करीत हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले. सप्टेंबरअखेर लष्कराने हे आंदोलन गोळीबार करून आणि विहारांवर छापे घालून मोडून काढले.

भिक्खू तुरुंगात गेले आणि रस्ते शांत झाले, तेव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये झेया थॉ आणि त्यांच्या मित्रांनी 'जनरेशन वेव्ह' ही तरुणांची भूमिगत संघटना काढली. त्यांची हत्यारे होती पत्रके, भिंतीवरची चित्रे, सीडीवरून फिरणारी गाणी आणि स्टिकर. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांवर 'सीएनजी' असे लिहिलेले असे. याच तीन अक्षरांतून सरकार बदलण्याची मागणी करणारे स्टिकर त्यांनी गाड्यांवर चिकटवले.

तुरुंगातून संसदेत

मार्च २००८ मध्ये त्यांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये बेकायदा संघटना स्थापन केल्याबद्दल पाच वर्षे आणि किरकोळ परकीय चलन जवळ बाळगल्याबद्दल एक वर्ष, अशी सहा वर्षांची शिक्षा झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना विवेकबंदी ठरवले. मे २०११ मध्ये ते सुटले. १ एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या पक्षाने ४५ पैकी ४३ जागा जिंकल्या. त्यांतील एक झेया थॉ यांची होती, तीही नेपिडॉ या राजधानीच्या परिसरातली, जिथे सैनिक आणि सरकारी नोकर मोठ्या संख्येने राहतात. २०१५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठली होती. ज्या मंडळाने त्यांच्या पिढीच्या ओळी कापल्या, ते निष्प्रभ झाले होते.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांचा पक्ष सत्तेवर असतानाही दूरसंचार कायद्याचे कलम ६६(ड) टीकाकारांवर लावले जात राहिले. रोहिंग्यांच्या हत्याकांडाची बातमी शोधणाऱ्या रॉयटर्सच्या दोन पत्रकारांना सात वर्षांची शिक्षा झाली. पाचशेहून अधिक दिवसांनी ते सुटले. 'पीकॉक जनरेशन' या गटाच्या तरुणांना लष्कराची खिल्ली उडवणारे थान्ज्याट सादर केल्याबद्दल २०१९ मध्ये तुरुंगात जावे लागले. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले, तेव्हाही याच पक्षाचे सरकार होते. झेया थॉ यांचा त्याग मोठा आहे. त्यांच्या पक्षाचा हा डाग त्याने पुसला जात नाही.

सत्तापालट, खटला, फाशी

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी झेया थॉ यांना यांगूनमध्ये पकडण्यात आले. सुरक्षा दलांवरील हल्ल्यांची आखणी केल्याचा आरोप ठेवून लष्करी न्यायाधिकरणाने २१ जानेवारी २०२२ रोजी दहशतवादविरोधी कायद्याखाली मृत्युदंड सुनावला. आसियान या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, कंबोडियाचे पंतप्रधान हुन सेन यांनी फाशी थांबवण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही.

अहिंसेला मानणाऱ्या वाचकाला हा आरोप अस्वस्थ करील. आम्ही तो झाकत नाही. पण खटला बंद दाराआड चालला आणि पुरावा लोकांपुढे कधीच तपासला गेला नाही. आरोप करणारे, न्याय देणारे आणि फास ओढणारे एकाच गणवेशातले होते. अशा निकालावर विश्वास ठेवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. आणि आरोप काहीही असला, तरी पाणातिपाता वेरमणी हे शील राज्यकर्त्यांनाही लागू आहे.

फाशीनंतर वर्षभराने, १ ऑगस्ट २०२३ रोजी, लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी नेपिडॉमध्ये संगमरवरी बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे लोकार्पण केले. झेया थॉ पहिल्यांदा खासदार झाले ते याच राजधानीतून.

एक कलम, दोन देश

म्यानमारची दंडसंहिता ही इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंडसंहितेचीच प्रत आहे. थान्ज्याट सादर करणाऱ्या तरुणांवर लागलेले कलम ५०५ त्यातलेच. सत्तापालटानंतर लष्कराने त्याला '५०५ अ' जोडले आणि भीती पसरवणे, खोटी बातमी देणे अशा सैल शब्दांखाली हजारोंना अडकवले.

हा आकडा महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातील सत्तांतरावर रॅप करणारे राज मुंगासे यांच्यावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, त्यात कलम ५०५ होते. त्याच सुमारास उमेश खाडे या मुंबईच्या रॅपरलाही गाण्यावरून पोलिसांना सामोरे जावे लागले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ५०५ चे ३५३ झाले. आकडा बदलला, आशय बराचसा तोच राहिला.

भारत आणि म्यानमार सारखे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडे संविधानाचे कलम १९ आहे, न्यायालये आहेत, जामीन मागता येतो. पण हत्यार एकाच कारखान्यातले आहे, हे विसरून चालणार नाही. ते किती खोल जाईल, हे धरणाऱ्या हातावर आणि त्याला अडवणाऱ्या समाजावर ठरते.

सम्यक वाचा म्हणजे गोड बोलणे नव्हे

बौद्ध तरुण सरकारवर टीका करू लागला की त्याला सम्यक वाचेची आठवण करून दिली जाते. जणू सम्यक वाचा म्हणजे कोणाला टोचेल असे न बोलणे. अभय राजकुमार सुत्तात भगवंतांनी याचे उत्तर दिले आहे. तान्ह्या मुलाच्या घशात खडा अडकला, तर रक्त आले तरी तो बोट घालून काढावा लागतो. तसे सत्य आणि हितकारक बोल ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ ओळखून बोलतात. कसोटी आहे ती बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का आणि वेळेवर आहे का, ही. ऐकणारा सुखावला का, ही नव्हे.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावावी लागते. म्यानमारमध्ये विराथू यांच्यासारखे भिक्खू चीवर घालून मुस्लिमांविरुद्ध विष पेरत होते. तेही 'बोलण्याचे स्वातंत्र्य'च मागत होते. आम्ही यात फरक करतो. सत्तेला जाब विचारणारा शब्द आणि दुबळ्यांवर जमाव सोडणारा शब्द एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्याचे रक्षण करायचे, दुसऱ्याला विरोध करायचा. आणि तो विरोध आपल्याच धम्मबांधवांना करावा लागला, तर आधी करायचा.

भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादांची गाणी गावोगाव फिरली, म्हणून आपली चळवळ घराघरांत पोहोचली. आज वस्तीतला मुलगा मोबाइलवर बीट लावून तेच काम करतो. त्याच्या दारात पोलीस आले, तर गाणे आवडले का, शिवी खटकली का, यावर वाद नंतर घालता येईल. आधी वकील मिळाला का ते पाहावे, जामिनाला उभे राहावे आणि त्याच्या आईला एकटे वाटू देऊ नये.