आरोग्यविद्येतील आंतरविद्याशाखीय पदवी : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या इतिहासाच्या संदर्भात

वैद्यक, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरणविज्ञान इत्यादी शाखांचा एकत्र अभ्यास करून आरोग्यविषयक पदव्युत्तर पदवी मिळविण्याची सोय अलीकडे अनेक विद्यापीठांत झाली आहे. ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून आली, असे सामान्यतः समजले जाते. पदवीच्या नावापुरते हे खरे आहे. तिच्यामागील ज्ञानव्यवहाराला मात्र ते लागू पडत नाही. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर वैद्यकाची इतर विद्यांशी असलेली संगत प्रथम सहज होती, पुढे ती तुटली, आणि आता ती प्रयत्नपूर्वक जोडावी लागत आहे, असा क्रम दिसून येतो. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून अशा पदवीकडून काय अपेक्षावे, हे ठरविणे कठीण आहे.

१

इ. स. १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराने मुंबईच्या इंग्रजांकडे एक वैद्य मागितला. त्यानुसार ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील जॉन फ्रायर हा घाट चढून जुन्नरास आला. त्याने १६७१ मध्ये केंब्रिज येथे वैद्यकाची पदवी घेतली होती. रुग्ण स्त्री जनानखान्यातील असल्यामुळे तिचे दर्शन त्यास झाले नाही; पडद्याबाहेर आलेला हात तेवढा त्याच्यापुढे करण्यात आला. वैद्याची परीक्षा पाहण्यासाठी पहिला हात एका निरोगी दासीचा होता, आणि फ्रायरने तो नाडीवरून ओळखला, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ मनोरंजनाचे नाही. ज्या वैद्याला रुग्णाचा हात तेवढाच पाहावयास मिळाला, त्याने जुन्नरचा परिसर मात्र डोळसपणे पाहिला. शिवनेरी किल्ला, युद्धाने ओसाड झालेला मुलूख, परतीच्या वाटेवरील नाणेघाट यांची वर्णने त्याच्या लेखनात आहेत. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात हवामान, रोग, वनस्पती, नाणी, वजने-मापे आणि लोकरीती ही सारी एकत्र आढळतात. हे विषय निरनिराळ्या विभागांचे आहेत, अशी त्या काळच्या वैद्याची समजूतच नव्हती. तथापि या ज्ञानात एक उणीव होती. पडद्याआडच्या स्त्रीला स्वतःच्या दुखण्याविषयी काय वाटत होते, याचा त्यात मागमूस नाही.

२

याच परिसरातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अलेक्झांडर गिब्सन (१८००–१८६७) याने एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले व तो कंपनीच्या सेवेत शल्यवैद्य म्हणून दाखल झाला. काही काळ दख्खन व खानदेश भागांत देवी टोचण्याच्या कामावर तो होता. या कामासाठी गावोगाव हिंडणे आणि लोकांची भाषा बोलणे अपरिहार्य होते. १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचा कारभार त्याच्याकडे आला. या उद्यानाला जोडूनच जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे औषधी वनस्पतींची लागवड करण्यात आली. सोनामुखी, खुरासनी ओवा यांसारख्या वनस्पती येथे वाढवून त्यांपासूनची औषधे सरकारी औषधभांडारास पुरवावी, हा हेतू होता. विलायतेहून येणारी औषधे महाग पडत व प्रवासात बिघडत, हे त्यामागील कारण होते.

१८४७ मध्ये गिब्सनची मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६० पर्यंत तो त्या पदावर होता. त्यानंतरच्या वर्षी निकोलस डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शल्यवैद्याने वनसंरक्षक व्हावे, यात तत्कालीन लोकांस वावगे वाटले नाही. कारण वैद्यकाच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र, रसायन व द्रव्यगुण यांना आवश्यक स्थान होते. मद्रास इलाख्यातही ह्यू क्लेगहॉर्न या शल्यवैद्याकडेच जंगलांची व्यवस्था सोपविण्यात आली. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, नद्या गाळाने भरतात आणि अखेरीस लोकांचे अन्न व आरोग्य धोक्यात येते, ही कार्यकारणाची साखळी सरकारपुढे मांडणाऱ्यांत हे वैद्य अग्रभागी होते. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ मधील आपल्या ग्रंथात वसाहतकालीन पर्यावरणविचाराचा एक उगम या वैद्यांत शोधला आहे, तो याचमुळे.

३

ही संगत फार काळ टिकली नाही. १८६४ मध्ये स्वतंत्र वनखाते स्थापन झाले. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगल ही प्रामुख्याने महसुलाची व इमारती लाकडाची बाब ठरली. वनस्पतिशास्त्र महाविद्यालयात गेले, वैद्यक इस्पितळात गेले, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील महादेव कोळी समाज या दोहोंच्याही बाहेर राहिला. ज्या हिरड्याचा उपयोग वैद्यकाला शतकानुशतके ठाऊक आहे, तो हिरडा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात याच समाजाने वेचला. परंतु वनखात्याच्या दृष्टीने तो गौण वनोपज झाला आणि वैद्यकाच्या दृष्टीने बाजारातील एक जिन्नस. वेचणाऱ्या कुटुंबाचे पोषण, त्याचे कर्ज, त्याचा जंगलावरील हक्क हा कोणत्याच खात्याचा विषय उरला नाही.

तुटलेले सांधे जोडण्याचा विचार विसाव्या शतकात झाला. १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र प्रशाला निघाली, १९३२ मध्ये कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने ‘सामाजिक वैद्य’ ही कल्पना पुढे ठेवून वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा समावेश सुचविला. पुणे जिल्ह्यात १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी के. ई. एम. रुग्णालयाच्या द्वारे वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले; तेथे गावातीलच आरोग्यसेविकांना केंद्रस्थान मिळाले. पुढे त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्राने सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी सुरू केली, तेव्हा वैद्यांखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही तिची दारे उघडली गेली. पुणे विद्यापीठातही आरोग्यविज्ञानाची आंतरविद्याशाखीय प्रशाला निघाली.

४

अशा शिक्षणाची गरज किती खरी आहे, हे याच परिसरातील दोन अलीकडील घटनांवरून पडताळता येते.

कुकडी प्रकल्पाच्या धरण-कालव्यांमुळे जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात ऊस वाढला व उसात बिबट्यांचा वावर वाढला. २००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय योजण्यात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यात जखमी झालेल्याचे उपचार हा वैद्याचा विषय खरा; परंतु त्या जखमेचे कारण ऊस, पाणी, मोकाट कुत्री, प्राण्याचे वर्तन आणि प्रशासनाचा निर्णय यांत विभागलेले होते. एका शाखेला योग्य वाटलेला उपाय दुसऱ्या शाखेच्या ज्ञानाअभावी घातक ठरला आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

दुसरी घटना आंबेगाव तालुक्यातील माळीण येथील. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगर कोसळून गाव गाडले गेले व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. कारणांच्या चर्चेत पाऊस, डोंगराची झीज, वृक्षतोड, तसेच पडकईसाठी उतारावर यंत्रांनी केलेले सपाटीकरण, या साऱ्यांचा उल्लेख झाला. मूळची पडकई ही परस्परांच्या श्रमांवर चालणारी, बेताबेताने शेत रचण्याची रीत. यंत्र आले तेव्हा तिचा वेग व स्वरूप बदलले. वाचलेल्यांच्या मनावरील आघात, त्यांचे पुनर्वसन, नव्या जागेतील पाणी व उपजीविका हे सर्व आरोग्याचेच प्रश्न होत. भूशास्त्रज्ञ, कृषितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसावे, ही अपेक्षा येथे विद्वत्तेच्या हौसेची राहत नाही.

५

या इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विषयांची संख्या वाढविल्याने पदवी आंतरविद्याशाखीय होत नाही. गिब्सनच्या ठायी अनेक विद्या एकत्र आल्या त्या एका कामाच्या निमित्ताने व एका प्रदेशात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पाच विषयांच्या पाच परीक्षा देण्यापेक्षा एका खोऱ्याचा, एका धरणाच्या लाभक्षेत्राचा वा एका वनपट्ट्याचा प्रश्न घेऊन निरनिराळ्या शाखांच्या मार्गदर्शकांपुढे तो मांडणे अधिक फलदायी होय.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. फ्रायर व गिब्सन यांच्याकडे विद्यांचा मेळ होता. परंतु ज्यांच्याविषयी ते लिहीत होते, त्यांना त्या मेळात स्थान नव्हते. आजच्या पदवीला हा दोष वारशाने मिळण्याचा संभव आहे. समितीत सहा शाखांचे तज्ज्ञ बसले, पण हिरडा वेचणारी स्त्री केवळ प्रश्नावलीतील उत्तरदात्री राहिली, तर जुन्नरच्या त्या पडद्याबाहेर आलेल्या हाताहून अधिक काही अभ्यासकाच्या हाती लागणार नाही. तिला प्रश्न ठरविण्याचा अधिकार देणे ही या शिक्षणाची खरी कसोटी आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात त्यासाठी वेळ, भाषा व जबाबदारी यांची तरतूद करणे हे विद्यापीठाचे काम आहे.