भादलीचे स्थानक आणि बालकवींचे जळगाव

जळगाव सोडून भुसावळकडे निघालेली गाडी भादलीस थांबेलच असे नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे लहानसे स्थानक एकाच वाक्यापुरते येते : ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोंबरे भादलीजवळ रेल्वेखाली सापडून मरण पावले. त्या वाक्यापुढे आपण सहसा जात नाही.

जावयास हवे. हा लोहमार्ग बालकवींच्या आयुष्यात केवळ अखेरीस आला असे नव्हे. जी. आय. पी. रेल्वे १८६०च्या दशकात खानदेशातून गेली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली. बैलगाड्या स्थानकाकडे वळल्या आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. धुळे हे जिल्ह्याचे जुने ठाणे. पण चाळीसगावचा फाटा तेथे पोहोचेपर्यंत १९०० साल उजाडले. १९०६ मध्ये खानदेशची वाटणी झाली, तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण जळगाव ठरले. तळ्याकाठचे, बोरांसाठी नावाजलेले मेहरूण पुढे याच शहराच्या पोटात गेले.

लगेच पुढल्या वर्षी, १९०७ मध्ये, जळगावात कविसंमेलन भरले. दूरदूरचे कवी खानदेशात जमले, यात स्थानकाचा वाटा संयोजकांइतकाच असावा, असे आम्हांस वाटते. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेथे कविता म्हणतो आणि ‘बालकवी’ होऊन परततो. कापसाच्या पेठेने कवीला नाव द्यावे, हा योग मोठा मौजेचा.

‘फुलराणी’, ‘निर्झरास’, ‘औदुंबर’ यांत रुळांचा मागमूस नाही. त्यामुळे ‘निसर्गकवीला यंत्राने गाठले’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. आम्हांस ही मांडणी फसवी वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटणारे ठोंबरे हे हाडामांसाचे, लहरी, घरच्या माणसासारखे आहेत. नगर आणि खानदेश यांच्या दरम्यान वावरणाऱ्या या माणसाला आगगाडी परकी नव्हती. खेडुतांना रूळ म्हणजे स्थानकाकडे जाणारी जवळची वाटच. अपघाताला प्रतीक केले, की त्या वाटेवरचा सत्तावीस वर्षांचा उतारू दिसेनासा होतो, आणि वर्गात आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

भादलीजवळच असोदे. बहिणाबाई चौधरी तेथे १८८० साली जन्मल्या, म्हणजे बालकवींच्याही आधी दहा वर्षे. त्यांची गाणी मात्र पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये.