पाळणा एकच, अंग निराळं



‘गाडी लागणं’ म्हणजे काय, हे आपल्यातल्या कुणालाच सांगावं लागत नाही. एकाच एसटीतून, एकाच घाटातून दोघी सख्ख्या बहिणी जातात. एक खिडकीशी बसून शेंगा खाते, दुसरी पहिल्याच वळणाला पदर तोंडाला लावते. गाडी तीच, रस्ता तोच, सकाळी खाल्लेली भाकरीही एकाच तव्यावरची. मग एकीलाच का लागते?

जत्रेतल्या पाळण्यांचंही तसंच आहे. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोरा टोरा, नाहीतर शहराजवळच्या मोठ्या बागेतली ती उलटीपालटी होणारी रेल्वे. एक जण उतरते आणि लगेच पुन्हा रांगेत उभी राहते. दुसरी उतरते आणि तिथंच खाली बसते. मग बोलणी सुरू होतात. जिला सोसत नाही ती भित्री आणि जिला आवडतं ती आगाऊ. बचत गटाच्या सहली निघतात तेव्हा दोन्ही बोलणी आमच्या कानावर येतात.

म्हणून आज आम्ही या पाळण्यांचा इतिहास सांगणार आहोत. माणसानं गंमत म्हणून स्वतःला घसरवलं, गरगरवलं, उलटं केलं आणि त्यातून आपल्या अंगाबद्दल काय काय कळत गेलं, त्याची ही गोष्ट आहे. सुरुवात मात्र लांबून, थेट रशियातून करावी लागेल.

रशियात हिवाळा कडक. सेंट पीटर्सबर्ग शहरात लाकडाचे उंच सांगाडे उभारायचे आणि त्यांच्या उतारावर पाणी ओतायचे. पाणी गोठलं की बर्फाची घसरगुंडी तयार. लोक जिन्यानं वर चढायचे आणि लहानशा घसरगाडीत बसून खाली सुटायचे. अठराव्या शतकात कॅथरीन ही रशियाची महाराणी होती. तिनं ओरानियनबाउम इथल्या आपल्या बागेत उन्हाळ्यातही चालेल अशी चाकांच्या गाड्यांची घसरण बांधून घेतली. तिथली माडी आजही उभी आहे. म्हणजे ‘बाईमाणसाला हे शोभतं का’ या प्रश्नाचं उत्तर एका महाराणीनं अडीचशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

ही कल्पना फ्रान्सला गेली. १८१७ मध्ये पॅरिसला चाकांच्या गाड्यांच्या घसरणी सुरू झाल्या. फ्रेंच लोक त्यांना ‘रशियन डोंगर’ म्हणू लागले, आजही म्हणतात. गंमत अशी की रशियात याच खेळाला आज ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात!

अमेरिकेत याची सुरुवात कोळशापासून झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये डोंगरावरून कोळसा खाली आणायला रूळ टाकले. भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली यायचे आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची. पुढं कोळशाला दुसरा मार्ग मिळाला आणि या रुळांवरून लोक पैसे देऊन मजेसाठी बसू लागले. मग १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन या माणसानं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकाठी मुद्दाम मजेसाठीच अशी रेल्वे बांधली. तिकीट ५ सेंट. वेग ताशी सुमारे १० किलोमीटर, म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही कमी. तरी माणसांची झुंबड उडाली.

इथवर सगळं ठीक होतं. मग लोकांना वाटलं, माणसाला सरळ उलटंच करून बघू. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी आली. रुळांचा एक पूर्ण गोल, बांगडीसारखा, सुमारे २५ फूट व्यासाचा. गाडी त्यातून उलटी होऊन बाहेर यायची. बसणाऱ्यांच्या माना मात्र दुखावू लागल्या. असं का, ते आपल्या हिशोबानं समजून घेऊ. गाडी जोरात येऊन एकदम गोलात शिरली की अंगाचं वजन वाढल्यासारखं होतं. त्या गोलात ते सुमारे १२ पट होत असावं, असा अंदाज सांगतात. आपलं डोकं साधारण ५ किलोचं असतं. १२ पट म्हणजे ६० किलो. मानेवर अचानक पोतं ठेवल्यासारखंच झालं. काही वर्षांत ती गाडी बंद पडली.

१९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट यानं गोल थोडा लांबट केला, त्यानं त्रास कमी झाला. खरा उपाय निघाला तो १९७६ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन बागेत जर्मन कारागीर आन्टोन श्वार्त्सकोफ आणि अभियंता वेर्नर श्टेंगल यांनी रुळांना पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. खाली वळण सैल, वर घट्ट. त्यामुळं गोलात शिरताना मानेला हिसका बसत नाही. आजच्या उलट्या गाड्या या धर्तीवर असतात. एवढं कळायला ८१ वर्षं गेली, आणि तोवर सहन केलं ते बसणाऱ्यांच्या मानांनी. त्या माना भित्र्या नव्हत्या. दोष रुळाच्या आकारात होता.

आता घेरी आणि मळमळीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधले डॉक्टर जोसेफ मेसन कॉक्स यांनी मनोरुग्णांना फिरत्या खुर्चीत बसवून गरगरवायचा उपचार सुचवला. आयर्लंडमध्ये कॉर्क इथले डॉक्टर विल्यम हॅलरन यांनीही तसं यंत्र वापरलं. रुग्णाला घेरी यायची, उलटी व्हायची, तो गळून जायचा, आणि त्यालाच ‘शांत झाला’ असं म्हणायचे. त्या खुर्चीत बसायचं की नाही, हे त्या रुग्णाला कुणी विचारत नव्हतं. मैत्रिणींनो, गरगरणं तेच असतं. स्वतः तिकीट काढून बसलं तर खेळ, दुसऱ्यानं बळंच बसवलं तर छळ. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घेरी डोक्यात येते, असंच तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी दाखवलं की घेरीचं मूळ कानातही असू शकतं. आपल्या कानाच्या अगदी आत, हाडाच्या पोकळीत, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं हललं की ते पाणी मागं राहतं आणि मेंदूला खबर जाते, ‘फिरतोय’. शेजारीच चुनखडीचे अगदी बारीक खडे असतात. वरखाली, पुढंमागं काय चाललंय, ते त्यांच्यामुळं कळतं. आपण गरगर फिरून थांबलो तरी घर फिरत राहतं, कारण नळीतलं पाणी अजून थांबलेलं नसतं.

१८८२ मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. ५१९ कर्णबधिर माणसांना गोल फिरवून पाहिलं. त्यातल्या १८६ जणांना घेरी आलीच नाही. मग हार्वर्ड कॉलेजातले ऐकू येणारे जवळपास २०० विद्यार्थी आणि शिक्षक तसेच फिरवले. त्यात घेरी न येणारा एकच निघाला. म्हणजे ज्यांच्या आतल्या कानाचं काम बंद पडलं होतं, त्यांना चक्करही येत नव्हती. पुढं व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड आणि गरम पाणी सोडून घेरी कशी येते ते उलगडलं. त्यासाठी त्यांना १९१४ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

यापुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये रशियाचा घेर्मान तितोव अंतराळात गेला. वय २५, लढाऊ विमानाचा वैमानिक, पृथ्वीभोवती १७ फेऱ्या. आणि त्याला तिथं मळमळून उलटी झाली. त्याच सुमारास अमेरिकाही माणूस वर पाठवायच्या तयारीत होती. नौदलाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातल्या ११ पुरुषांना अभ्यासासाठी सोबत घेतलं होतं. त्यातल्या १० जणांचं ऐकणं लहानपणीच्या मेंदूज्वरात गेलं होतं आणि आतल्या कानाचा तोलही गेला होता. त्यांना फिरत्या खोलीत ठेवलं. चौघं तर सलग १२ दिवस त्यात राहिले. विमानातून वरखाली नेलं. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीनं नेलं. बोटीवर अभ्यास करणारे डॉक्टर आजारी पडले आणि ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली!

ज्यांना जग ‘कमी’ समजत होतं, त्यांचंच अंग तिथं उपयोगी पडलं. आणि ज्याला देश शूर म्हणत होता, त्याला उलटी झाली. इंग्लंडचा मोठा दर्यासारंग नेल्सन याला आयुष्यभर बोट लागायची. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ जगभर जहाजानं फिरला, तोही समुद्रानं हैराण व्हायचा. यांना कुणी भित्रं म्हणेल का?

मग मळमळतं कशानं? डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. एसटीत आपण समोरच्या बाकाकडं बघतो, डोळे म्हणतात ‘स्थिर आहे’. कान म्हणतो ‘वळतोय’. या दोघांचं जुळलं नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधीच ते त्याला दिसत असतं. म्हणजे ज्या बाईला पाळण्यात मळमळतं, तिचा कान बिघडलेला नाही. तो काम करतोय म्हणून तर मळमळतंय.

पण सगळ्यांना सारखं का नाही? काहींच्या घराण्यातच ते असतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही, शाळकरी पोरांना जास्त लागतं. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना जास्त त्रास होतो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लागतं, हे बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. पाळीच्या दिवसांत आणि दिवस गेलेले असताना ते आणखी वाढतं.

पोटात गोळा येणं ही मात्र वेगळी गोष्ट. पाळणा खाली सुटतो तेव्हा आपल्याबरोबर बसायची जागाही खाली पडत असते. आतल्या अवयवांचा रोजचा भार क्षणभर नाहीसा होतो, तोच तो गोळा. तळाशी आल्यावर रक्त पायाकडं ओढलं जातं, म्हणून काहींच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. छातीतल्या धडधडीचंही मोजमाप झालंय. २००५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांना मोठ्या रेल्वेत बसवून ठोके मोजले. बसण्याआधी मिनिटाला सरासरी ९१ होते, ते १५३ वर गेले. बायकांचे पुरुषांपेक्षा जास्त वाढले. निरोगी माणसाचं हृदय एवढं सोसतं. ज्याला हृदयाचा आजार आहे, त्यानं बसू नये असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता हे पाळणे आपल्या दारात आलेत. १९८४ मध्ये दिल्लीला अप्पू घर, १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. आपल्या गटांच्या सहली अशा बागांकडं जातात. मोठ्या बागेत फलकावर लिहिलेलं असतं: गरोदर बायका, रक्तदाब, हृदयाचा आजार, मान-पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. जत्रेत बहुतेक वेळा असा फलक नसतो. तिथं आपणच फलक व्हायचं.

खरी काळजी आम्हाला एका गोष्टीची वाटते. नवी सून असते, दोन महिने गेलेले असतात आणि अजून घरात कुणाला सांगितलेलं नसतं. नणंदा, जावा हाताला धरून ओढतात, ‘चल गं, काय लाजतेस!’ ती ‘नको’ म्हणते, पण कारण सांगू शकत नाही. कुणाचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला फिट येते, कुणी रक्तदाबाची गोळी घेत असते. यातलं कितीतरी बाई चारचौघींत बोलत नाही. म्हणून तिचं ‘नको’ एवढंच पुरेसं धरायचं. कारण विचारायचं नाही, दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही, हसायचं तर नाहीच.

आणि जिला हौस आहे, अंग धडधाकट आहे, तिलाही अडवू नका. तिनं साडीचा पदर, ओढणी आणि केस नीट बांधावेत. दांडी घट्ट बसली का ते पाहावं. पोरांची उंची कमी पडली तर चालकाशी हुज्जत घालू नये, कारण ती दांडी लहान अंगाला अडवत नाही. पोट तुडुंब भरून बसू नये. फिरताना मान इकडंतिकडं वळवू नये, नजर लांबच्या एखाद्या स्थिर जागेवर ठेवावी. उतरल्यावर घेरी आली तर बसून घ्यावं, जरा वेळानं नळीतलं पाणी थांबतं.

गटाची पुढची सहल ठरेल तेव्हा वहीत दोन रकाने करा, ‘पाळण्यात बसणार’ आणि ‘खाली थांबणार’. प्रत्येकीनं आपलं नाव स्वतः सांगावं. खाली थांबणाऱ्यांकडं पिशव्या आणि चपला सोपवून वरच्या पोटावर हात ठेवून न बघता त्यांच्यासाठीही चहा-भजीचे पैसे आधीच काढून ठेवावेत. वर्गणी दोघींनी सारखीच भरलेली असते.