तबकडीचे उक्ते



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रकात कोयते, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि लेकरे कोंबलेली असतात, आणि पुढे ड्रायव्हरजवळ गाणे चाललेले असते. ते गाणे पुष्कळदा प्रल्हाद शिंदे यांचे असते. शिंदे २००४ साली वारले. माणूस जाऊन वीस वर्षे उलटली. परंतु त्यांचा आवाज आजही पहाटे देवळाच्या कर्ण्यावर, जत्रेत आणि उसाच्या फडात कामावर हजर असतो. आवाजाला म्हातारपण नाही. म्हातारपण आहे ते गाणाऱ्याला आणि त्याच्यामागे बसून वाजविणाऱ्याला. त्या म्हातारपणाची जबाबदारी कोणाची, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी मजुरीचे हिशेब करण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. रागदारीतले मला काही कळत नाही. पण मजुरीचे दोन प्रकार मला चांगले कळतात. एक उक्ते आणि दुसरा वाटा. उक्ते म्हणजे एकदा रक्कम ठरली, काम झाले, पैसे मिळाले, संबंध संपला. हमालाने पोते एकदा उचलले, त्याची हमाली एकदा मिळाली. यात अन्याय नाही, कारण ते पोते पुन्हा आपोआप उचलले जात नाही. पण गायकाने गाणे एकदा गायिले आणि ते लाख वेळा विकले गेले, तर तेथे पोत्याचा हिशेब चालेल काय? ध्वनिमुद्रणाचा आपल्या देशातला सव्वाशे वर्षांचा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यात झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग तेथे यंत्र घेऊन आला आणि त्याने गौहर जान हिचा आवाज मेणावर उतरविला. तिने कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांत गाणे बसविले, आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगितले. त्याचे कारण असे की, तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना हे गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ती तजवीज होती. ही नाव सांगण्याची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

धंदा वाढला. कंपनीने १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना घातला आणि १९२८ साली डमडमला मोठा कारखाना उभारला. ज्या गौहर जानच्या आवाजावर या धंद्याचा पाया घातला गेला, ती १९३० साली म्हैसुरात वारली. अखेरच्या दिवसांत तिला आश्रय मिळाला तो म्हैसूरच्या दरबाराचा. म्हातारपणी कलावंताला राजाने पोसावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. राजा गेला आणि त्याच्या जागी गिऱ्हाईक व कंपनी आली; पण राजाची ही जबाबदारी कोणाकडे गेली, हे कोणी ठरविलेच नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव यांच्या लावण्या आणि ठुमऱ्या तबकड्यांवरून घरोघरी गेल्या. १९१९ च्या ‘एकच प्याला’ नाटकातील पदांना चाली पुरविल्या त्यांनी आणि त्या चालींवर गाजले बालगंधर्व. बालगंधर्वांच्याही तबकड्या पुष्कळ निघाल्या. ज्या गावात गंधर्व नाटक मंडळीचा पडदा कधी लागला नाही, त्या गावाला बालगंधर्व कळले ते तबकडीवरून. त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि १९६७ साली ते गेले. मधली शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. येथे न्यायाने बोलले पाहिजे. त्यांचे कर्ज झाले ते रंगभूमीवरच्या थाटामाटाचे. ते काही तबकडीच्या कंपनीने केले नाही. परंतु ज्याचा आवाज कपाटात साठविला आहे, त्याच्या अंथरुणापाशी त्या कपाटातून काही तरी नियमाने यावे, अशी व्यवस्थाच नव्हती, हे मात्र खरे.

तबकडीवर कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण त्यावरून कोणाला आठवली तर मी त्याला दोष देणार नाही. पण कंपनीचीही बाजू आहे. यंत्र तिचे, भांडवल तिचे, आणि दहा तबकड्या काढाव्या तेव्हा एखादी चालावी, असा तो जुगार. शिवाय कंपनी आली नसती, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज १९३७ साली त्यांच्याबरोबरच गेला असता. उपकार आहेतच. तक्रार इतकीच की, नुकसानीच्या तबकडीचा हिशेब कंपनीने नेमका ठेवला आणि चाललेल्या तबकडीतला गाणाऱ्याचा हिशेब बहुधा पहिल्याच दिवशी उक्त्यावर मिटविला. ज्यांचे नाव मोठे, त्यांनी विक्रीत वाटा, म्हणजे रॉयल्टी, मागून घेतली. बाकीच्यांनी हातात पडले ते घेतले.

या वाटणीवरून १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हिंदी चित्रपटसृष्टीत मोठा वाद झाला. लता मंगेशकर म्हणत, तबकडीच्या उत्पन्नात गाणाऱ्याला वाटा मिळालाच पाहिजे. महंमद रफी म्हणत, ठरलेले पैसे मिळाले, आता आपला हक्क उरला नाही. दोघेही काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. रफीसाहेबांचे म्हणणे सज्जनाचे होते. दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या कारागिराचे होते. पण लताबाईंनी घरात काय पाहिले होते? वडील मास्टर दीनानाथ, एवढे मोठे गायक नट, १९४२ साली पुण्यात गेले ते विपन्नावस्थेत. आणि बारा वर्षांच्या मुलीवर घर येऊन पडले. त्या मुलीने पुढे उक्त्याला नकार दिला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

कायद्याने फार उशीर केला. १९५७ चा कॉपीराइट कायदा झाला, त्यात कवीला जागा होती, संगीतकाराला जागा होती, तबकडीच्या मालकाला जागा होती, गाणाऱ्याला नव्हती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मुद्दाम वेगळी टीप लिहून गायक या कायद्यात उघडा राहिला आहे, याकडे संसदेचे लक्ष वेधले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९४ साली, कलावंताचा हक्क कायद्यात लिहिला गेला आणि १९९५ साली तो अमलात आला. २०१२ साली आणखी दुरुस्ती झाली आणि कलावंताच्या मुद्रणाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला रॉयल्टीचा हक्क मिळाला. २०१३ साली गायकांनी आपली संस्थाही काढली. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांनी १९९५ पूर्वी आपला आवाज उक्त्यावर दिला, त्यांच्या वेळी असा हक्कच कागदावर नव्हता, आणि आजचे म्हातारे कलावंत तेच आहेत. शिवाय तबकडीवरचा मालकी हक्क साठ वर्षांचा असतो. तो संपला की ती सर्वांची होते. म्हणजे कोणाकडून काही मागण्याची मुदतही दरवर्षी थोडी थोडी संपत चालली आहे.

दुसऱ्या देशांत काय झाले? अमेरिकेत जेम्स पेट्रिलो नावाचा कर्णा वाजविणारा वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. तबकडीमुळे वादकांचे पोट बुडते, हे पाहून त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्ध चालू होते, लोक त्याच्यावर फार रागावले. पण दोन मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या आणि दर तबकडीमागे काही रक्कम एका निधीत टाकू लागल्या. त्या निधीतून बेकार वादकांना लोकांपुढे विनामूल्य मैफली करण्यासाठी पैसे मिळू लागले. तो बहिष्कार वाद्ये वाजविणाऱ्यांचा होता. नुसते गाणारे त्याच्या बाहेर होते, आणि ते त्याही काळात गात राहिले. संघटनेबाहेर राहिलेल्याचे पुढे काय होते, ते आता पाहू.

१९५० नंतर रूथ ब्राऊन नावाच्या कृष्णवर्णीय गायिकेच्या तबकड्यांवर अटलांटिक ही कंपनी इतकी वर आली की, लोक त्या कंपनीला रूथने बांधलेले घर म्हणत. तीच रूथ पुढच्या दशकात लोकांच्या घरी धुणीभांडी करीत होती आणि शाळेची बस चालवीत होती. का? तर कंपनीच्या वहीत मुद्रणाचा खर्च तिच्या नावावर मांडलेला. गाणे कितीही खपले तरी बाकी तिच्याकडेच निघे. आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाच्या वहीतली उचल अशीच फिटता फिटत नाही. रूथने वकील गाठला, वर्षानुवर्षे भांडली, आणि १९८८ साली कंपनीने तिच्यासह अनेक जुन्या कलावंतांची ही बाकी माफ केली, मागील हिशेब करून पैसे दिले आणि वृद्ध कलावंतांसाठी एक प्रतिष्ठान काढण्यास मोठी रक्कम दिली. म्हणजे कंपनीला पाझर फुटू शकतो. पण तो आपोआप फुटत नाही.

आता आपल्या दाराशी येतो. काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातला एक म्हातारा ढोलकीवाला माझ्याकडे आला. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरायचा होता. कलेचा पुरावा जोडा, असे अर्जात होते. त्याने पिशवीतून एक जुनी कॅसेट काढली. ढोलकी त्याची होती. वाजवून दाखविली असती तर कोणीही ओळखली असती. पण वेष्टनावर गायकाचे नाव होते आणि पुढे दोनच शब्द होते: ‘आणि पार्टी’. तो त्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, ह्यातला पार्टी म्हणजे मी.” किती मिळाले होते, असे विचारले, तर एका रात्रीचे उक्ते, जेवण आणि एस्टीचे भाडे. गौहर जानला आपले नाव सांगायला यंत्राने जागा दिली होती. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी आमच्या ढोलकीवाल्याला ती मिळाली नाही.

सरकारचे मानधन १९५४-५५ पासून आहे आणि २०२४ साली ते दरमहा ५००० रुपये झाले. ते मिळाले पाहिजेच. पण सरकारी मानाचा भरवसा किती? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पदके मिळाली. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल देणगीदारांनी भागविले. आता त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतात.

म्हणून माझे मागणे दयेचे नाही. वाट आपल्याच राज्याने घालून दिलेली आहे. हमालाला एक मालक नसतो. आज या आडतीवर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि मालकांनी मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळात भरावी, त्यातून फंड व ग्रॅच्युइटी मिळावी, अशी सोय झाली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यावेत, असे शासनाने ठरविले. मग गाणे ज्या ज्या वेळी वाजते आणि त्यावर पैसे मिळतात, त्या त्या वेळी काही पैसे कलावंतांच्या मंडळात का जाऊ नयेत? टनाचा हिशेब ठेवता येतो, तर गाण्याचा आज त्याहून सोपा आहे. कोणते गाणे किती वेळा वाजले हे यंत्रच मोजते. ज्या कंपन्यांच्या कपाटात जुने लोकसंगीत आहे, त्यांनी आधी गायकाबरोबर प्रत्येक साजिंद्याचे नाव शोधून लिहावे, आणि या मंडळाची पहिली रक्कम आपण होऊन भरावी. तबकडीच्या कंपनीचा असा मोठेपणा पाहण्याची मला फार इच्छा आहे. पण इच्छेवर विसंबून राहू नये, हे संघटनेने मला शिकविले.

तेव्हा आपल्या हातचे काम आपण करू. या वाचनालयाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. आपापल्या गावातील गोंधळी, शाहीर, भारुड म्हणणारे, ढोलकी, हलगी आणि संबळ वाजविणारे, ज्यांचा आवाज वा ठेका कुठल्याही तबकडीवर वा कॅसेटवर आहे, त्यांची नावे तीत लिहावीत. शक्य तर कॅसेटचे वेष्टनही आणावे. ढोलकीवाल्याचे नाव मी पहिल्या पानावर लिहिलेच आहे. पुढची पाने आपण भरावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.